घोड्यावर बसवलेला मोतीलाल

मोतीलाल दसरू मारबते, जातीने व धंद्याने ढिवर, म्हणजे मासेमार, राहणार हिवरटोला, आंधळगावपासून पूर्वेस दोन कोस. जन्म सन १९३३. मृत्यू सन १९७५ आणि पुन्हा सन १९८७.

पहिले साल दगडात कोरलेले आहे, दुसरे ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत शाईने लिहिलेले आहे. दोन्ही नोंदी गावानेच केल्या आणि दोन्ही वेळी आपण खरे तेच नोंदवीत आहोत अशी गावाची समजूत होती. या दोन मृत्यूंमधली साडेअकरा वर्षे मोतीलालने ज्या तळमळीत काढली, तिचा हा वृत्तान्त आहे.

हिवरटोल्याचा तलाव मालगुजारांच्या काळातला. त्याच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, उत्तर टोकाला सलंग आहे. तलाव तुडुंब भरला की जादा पाणी ज्या दगडी वाटेने आपोआप बाहेर पडते, तिला या भागात सलंग म्हणतात. पाळीच्या मध्यावर आंब्याखाली एक जुना दगड उभा आहे. त्यावर घोडा, घोड्यावर स्वार, स्वाराच्या हातात उगारलेली तलवार, आणि वर चंद्र-सूर्य. गाव त्याला वीरबाबा म्हणते. तो आंबागडच्या किल्ल्यावरचा शिपाई होता, असे म्हातारे सांगत. तो कोणाशी लढला आणि कशासाठी पडला, हे कोणी सांगत नसे आणि कोणी विचारतही नसे. तलवार उगारली होती आणि मरण आले होते, एवढे वीर ठरायला पुरेसे होते.

सन १९७१ च्या लढाईत गावच्या पुंडलिकरावांचा धाकटा भाऊ गुलाब कामी आला. पुंडलिकराव मोठे शेतकरी आणि गावचे सरपंच. त्यांनी बाबुलाल पाथरवटाला दगड घडवायला सांगितला. बाबुलालचा रोजचा धंदा जाती-पाटे घडवण्याचा आणि घरोघर जाऊन त्यांना टाकी लावून देण्याचा. वीर म्हटला की त्याला एकच वीर घडवता येत असे, आणि तो आंब्याखाली उभा होता. चार महिने खपून त्याने दीड हात उंचीचा घोडेस्वार तयार केला. पुंडलिकरावांनी तो पाहिला आणि म्हणाले, "माह्या भावाजवळ बंदूक होती, बाबुलाल. घोडा त्यानं लग्नातही नाही पाहिला." मग तुमसरचा गवंडी आला आणि शाळेसमोर सिमेंटचा खांब उभा राहिला, त्यावर रायफल आणि लोखंडी टोपी. घोडेस्वार बाबुलालच्या अंगणात कडुनिंबाखाली राहिला. त्याला तीन वर्षे बकरी बांधली जात होती.

सन १९७५ च्या उन्हाळ्यात मोतीलालने तुमसरच्या बाजारातून नायलॉनचे जाळे आणले. हिवरटोल्याच्या ढिवरवाड्यात ते पहिलेच. पावसाळ्यात सलंगाच्या पाण्याबरोबर मासळी बाहेर निघते, म्हणून सलंगाच्या तोंडाशी आडवे जाळे बांधण्याची रीत त्याच्या आजोबांपासून होती. ती कोणी कधी मना केली नव्हती, कारण मना करण्याचे कारणच नव्हते. सुताच्या जाळ्यात काडीकचरा साचला, पाण्याचा भार आला, की ते कुठेतरी फाटे आणि पाणी निघून जाई. ढिवर दुसऱ्या दिवशी शिवत बसे. नियम कोणी केला नव्हता. सूतच नियमाचे काम करीत होते.

पोळ्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोतीलालने नवे जाळे सलंगाला बांधले. रात्रभर पाऊस पडला. सकाळी तलावात बेशरमाच्या झुडपाचे फाटे, पळसाची पाने, वाहून आलेले भाताचे तणस, सगळे सलंगाकडे सरकले आणि पाण्याखालच्या जाळ्यात बसले. नायलॉन फाटले नाही. त्याची भिंत झाली.

दुपारपर्यंत पाणी पाळीच्या माथ्याखाली वीतभर उरले आणि पाळीच्या बाहेरच्या अंगाने पाझर सुटला. सगळे गाव टोपल्यांनी माती वाहू लागले. पाऊसच तसा आहे, असे गाव म्हणत होते. पाणी कशाने अडले हे त्या पाळीवर एकट्या मोतीलालला ठाऊक होते, आणि तो एक तास इतरांबरोबर मुकाट्याने माती वाहत होता. जाळे नवे होते. पाऊस थांबेल, पाणी उतरेल, आणि जाळे वाचेल, असे तो प्रत्येक टोपलीगणिक स्वतःला समजावत होता. हा एक तास पुढे साडेअकरा वर्षे त्याच्या मानेवर बसून राहिला.

पाळीचा एक कोपरा ढासळला तेव्हा त्याने टोपली टाकली, विळा दातांत धरला आणि सलंगात उडी घेतली. लोकांना एवढेच दिसले, की मोतीलाल पाण्याखाली गेला, क्षणात सलंग गर्जना करीत मोकळा झाला, तलाव उतरू लागला आणि मोतीलाल वर आला नाही.

नाल्याने आणि पुढे सूर नदीने दोन दिवस शोध झाला. पाचव्या दिवशी तहसीलदारसाहेब आले, त्यांनी पाळ पाहिली आणि कागदावर काही लिहून घेतले. त्याच संध्याकाळी पुंडलिकरावांनी ठरवले, की मोतीलालचा दगड बसवायचा. घडवायला वेळ नव्हता; घडवलेला होताच. बकरी सोडली, दगड धुतला आणि बाबुलालने दोन दिवसांत खाली अक्षरे कोरली: कै. मोतीलाल दसरू मारबते, वीरगती १९७५.

नवव्या दिवशी मोतीलाल परत आला. कापलेल्या जाळ्याचाच एक भाग त्याच्या अंगाला गुंडाळला गेला होता आणि त्यासह तो तीन कोसांवर एका करंजाच्या झाडाला अडकला होता. डावा पाय मोडला होता. नदीकाठच्या ढिवरांनी त्याला काढले, तापात सांभाळले; रस्ते पाण्याखाली असल्याने निरोप धाडता आला नाही. बैलगाडीने येताना पाळ वाटेतच लागली. वीरबाबाशेजारी नवा दगड, त्यावर झेंडूचा हार. मोतीलाल दुसरीपर्यंत शिकलेला. त्याने गाडीत बसूनच एकेक अक्षर जुळवत वाचले. 'मोतीलाल' जुळले तेव्हा त्याला बरे वाटले. नंतर 'कै.' वाचले.

घरी यशोदाबाई, त्याची बायको, उंबऱ्यात उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिले, मग आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिले.

"आलेत जी?" ती म्हणाली. "बांगड्या फोडल्या मी."

त्या रात्री त्याने तिला जाळ्याचे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी काठी टेकत पुंडलिकरावांकडे गेला. आजवर तो त्यांच्या छपरीत जमिनीवर बसत आला होता. पुंडलिकरावांनी त्याला खुर्ची दिली. तो तिच्या काठावर बसला.

"मालक, सलंगाले जाळं बांधलं होतं. माह्यंच. त्याच्यानंच पानी अडलं."

पुंडलिकराव सुपारी कातरत होते. "कोनाले सांगितलं?"

"यशोदेले."

"ते काय म्हने?"

"जेवून घ्या म्हने."

"शहानी आहे. तूही जेवून घे." त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "हे पाय मोतीलाल. साहेब लोक येऊन गेले. गावाचं नाव कागदावर लागलं. आता तू म्हनशीन का पानी मीच अडवलं अन् मीच सोडलं, तं गावानं कोनतं तोंड दाखवाचं? वीराले असं बोलता येत नाही."

"मी वीर नाही ना जी."

"ते तू ठरवनार का? तुले घोड्यावर गावानं बसवलं. उतरवाचं तं गावच उतरवन."

मोतीलाल तिथून बाबुलालकडे गेला. नाव खोडून टाक, म्हणाला. बाबुलालने मान हलवली.

"जित्या मानसाचं नाव छिन्नीनं काढत नसतो मी. उद्या तुले ठेच लागली तरी लोक माह्यं नाव घेतीन."

"मंग राहू दे तसंच."

"तेही अपशकुनच. जिता मानूस अन् कैलासवासी."

"मंग करू काय?"

"पालथा घाल." बाबुलालने कडुनिंबाखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. "चार महिने लागले होते त्या घोड्याले. पुंडलिकरावाले बंदूक पायजे होती. लोकायले आता घोडा नाही पायजे. तुले चालला, कारण तुले कोनी विचारलं नाही."

असा तो दगड सलंगाच्या काठावर नेऊन पालथा घालण्यात आला. पाठीकडून तो चांगला सपाट होता. महिन्याभरात ढिवरवाड्यातल्या बाया त्यावर कपडे धुऊ लागल्या, आणि यशोदाबाईलाही दुसरी जागा नव्हती.

दगड पालथा झाला तरी वीर उभाच राहिला. दुसऱ्या वर्षी पंधरा ऑगस्टला वासुदेवराव मास्तरांनी मोतीलालला शाळेत बोलावले. मास्तर नेमस्त आणि वाचलेले गृहस्थ होते. त्यांनी मुलांना सांगितले, की पूर्वी रणात पडणाऱ्याला वीर म्हणत. पुढे देशासाठी तुरुंगात जाणाऱ्याला म्हणू लागले, ज्याने कोणाला मारले नाही, उलट मार खाल्ला. आणि आता आपल्या गावातला हा साधा मासेमार, याने विळ्याने गाव वाचवले. ज्या काळाला ज्याची गरज, त्या काळाला तो वीर, असे मास्तर म्हणाले. मग मोतीलालला दोन शब्द बोलायला उभे केले.

"जाळं माह्यंच होतं," मोतीलाल म्हणाला. "नायलॉनचं होतं म्हनून पानी अडलं. मी तासभर सांगितलंच नाही."

मुले हसली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर पुढे झाले आणि थोर माणसे स्वतःविषयी असेच कमी बोलतात, असे त्यांनी समजावून दिले. मोतीलाल शाळेसमोरच्या सिमेंटच्या खांबाकडे पाहत बसला. गुलाबला निदान कोणी बोलायला उभे करीत नव्हते.

यानंतर त्याने हे अनेकदा सांगितले: पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, मच्छीमारांच्या बैठकीत. दर वेळी ऐकणारे मान डोलवीत आणि त्याचा नम्रपणा वाखाणीत. त्यात नुकसान त्याच्या मनाचे होतेच. पण खरे नुकसान दुसरीकडे होत होते, आणि तेच त्याला झोपू देत नव्हते. ढिवरवाड्यातली सुताची जाळी एकेक करून जात होती आणि घरोघर नायलॉन येत होते. गाव मानत होते, की त्या वर्षी पाणी राक्षसासारखे आले आणि एका वीराने ते हटवले. असे पाणी पुन्हा येईल तर पुन्हा वीर हवा, एवढाच बोध त्यातून निघत होता. जाळ्याचे नाव त्या कथेत कुठेच नव्हते. जी गोष्ट गावाला माहीत असायला हवी होती, तिच्यावर गावाने त्यालाच घोड्यासकट बसवले होते.

म्हणून मृग लागला की तो दिवसातून तीनदा लंगडत सलंगावर जाई आणि लांब बांबूने पाण्याखाली चाचपून पाही. घास तोंडाशी असताना उठे. "वीर पहारा देते," असे लोक पाहुण्यांना कौतुकाने दाखवीत. यशोदाबाई ताट झाकून ठेवी.

सन १९८३ च्या श्रावणात बांबू जाळ्याला लागला. मोतीलाल पाण्यात उतरून गाठी सोडू लागला तोच जाळ्याचा मालक आला: त्याचा पुतण्या मुरारी, तिशीतला, ढिवरवाड्यातला सगळ्यात कसबी मासेमार. मागे दोन-चार सोबती.

"काका, तुमी एकदा जाळं कापलं तं दगड झाला," मुरारी म्हणाला. "आता माह्यं कापून दुसरा बसवता का?"

सोबती हसले.

"मुरारी, याच्यानंच पाळ फुटत होती बाबा."

"हे तं तुमी दर वर्षी सांगता. पान्यात कसे गेले ते सांगा ना, ते आईकाले मजा येते."

मुरारीने गाठी पुन्हा बांधल्या. त्या वर्षी पाऊस बेताचा झाला म्हणून निभावले.

मोतीलालला कळून चुकले, की जिभेने हे होणार नाही. सन १९८४ च्या भाद्रपदात, भर सकाळी, निंदणाला जाणाऱ्या बाया आणि शाळेला जाणारे मास्तर त्याच वाटेने जात असताना, तो दोन जाळी खांद्यावर घेऊन पुंडलिकरावांच्या बांधीवर गेला. बांधी म्हणजे धानाचा वाफा. तिला पाणी देणारा पाट तेव्हा काठोकाठ वाहत होता. त्याने कोणाला विचारले नाही. आधी बापाच्या वेळचे सुताचे जाळे पाटाला आडवे बांधले आणि वरून बेशरमाचे फाटे सोडत राहिला. जाळे फुगले, ताणले गेले, आणि एका कोपऱ्यात फाटले. फाटे निघून गेले, पाणी निघून गेले. लोक थांबून पाहू लागले. मग त्याने नायलॉनचे बांधले आणि तेवढेच फाटे सोडले.

पाणी चढू लागले. कोणीतरी पुंडलिकरावांना बोलावून आणले.

"काय करून राहिला बे मोतीलाल?"

"पानी पाहून राहिलो जी."

"कोनतं पानी?"

"पंचाहत्तरचं."

पुंडलिकराव काही बोलणार तोच पाटाचा काठ सुटला. पाणी मधले धुरे फोडत एका बांधीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत गेले. पोटरीला आलेले धान गाळाखाली आडवे झाले. मोतीलाल काठावर उभा होता, हात लोंबत होते, आणि विळा त्याने मुद्दाम आणलाच नव्हता. शेवटी गर्दीतला मुरारी पाटात उतरला आणि त्याने स्वतःच्या विळ्याने ते जाळे उभे कापले. पाटातून वर आल्यावर त्याने काकाकडे पाहिले नाही.

वासुदेवराव मास्तर छत्री मिटून उभे होते. आठ वर्षांपूर्वी आपण त्याच्या बोलण्याचा जो अर्थ लावून दिला होता, तो त्यांना आठवत असावा. ते म्हणाले, "मोतीलाल, तुम्ही तेव्हा खरेच सांगत होता." मोतीलाल म्हणाला, "हो जी," आणि जाळी गोळा करू लागला.

आठ दिवसांनी ग्रामसभा झाली. ठराव मास्तरांनी लिहिला: मृगापासून दसऱ्यापर्यंत सलंगावर नायलॉनचे जाळे कोणी बांधू नये. हात सगळ्यांचे वर झाले. पुंडलिकरावांनी आपल्या तीन बांध्यांचा विषय काढला नाही. मात्र त्या सभेत मोतीलालसाठी खुर्ची मांडली नव्हती, आणि पुढेही कधी मांडली गेली नाही. पंधरा ऑगस्टचे बोलावणे थांबले. गावाने त्याला घोड्यावरून उतरवले होते, आणि तेही त्याच्याच हाताने.

सन १९७५ मध्ये सलंग एकदम मोकळा झाला तेव्हा खालच्या अंगाच्या काही शेतांत वाळू पसरली होती. त्यांतले दोन एकर मारोतरावांचे. ते साठीचे, कष्टाळू, मोजके बोलणारे गृहस्थ. सभेच्या दुसऱ्या दिवशी ते मोतीलालच्या दारी आले आणि आत न येता उभे राहिले.

"नऊ वर्सं मी तुले रामराम करून राहिलो," ते म्हणाले. "वाळू काढत काढत करून राहिलो. गाव वाचवलं म्हनून."

"हो जी."

"ते रामराम वापस दे."

मोतीलाल उठला आणि त्याने हात जोडून त्यांना रामराम केला. मारोतरावांनी तो घेतला नाही. ते पाठ फिरवून चालू लागले. त्यानंतर वाटेत भेट झाली की मोतीलाल रामराम करी आणि मारोतराव पुढे निघून जात. हे अडीच वर्षे चालले.

सलंगावर तीनदा जाणे मात्र सुटले नाही. आता जाळे कोणी बांधत नव्हते तरी बांबू पाण्यात फिरतच राहिला. यशोदाबाईने एकदा विचारले, "आता कायले जाता जी?" तो म्हणाला, "आता नाही गेलो तं मंग कधी जाऊ," आणि गेला. फेब्रुवारी १९८७ मध्ये छातीच्या दुखण्याने तो घरी वारला. तलाव तेव्हा अर्धा होता आणि सलंग कोरडा.

तेरवी झाल्यावर यशोदाबाई पुंडलिकरावांकडे गेली.

"दगड उलटून द्या, मालक."

"यशोदाबाई, त्याच्यावर वीर लिहिलं आहे. तो वीर नोहता, हे त्यानंच साऱ्या गावाले दाखवलं."

"वीर म्हनून नाही म्हनत मी. नाव त्यायचं आहे. अकरा वर्सं मी त्यायच्या नावावर कपडे आपटले. अन् जाळ्याचा नेम झाला तो काहून झाला, हे मागून येनाऱ्यायले कोन सांगन? ठरावाचा कागद उंदीर खाईन. दगड राहते."

पुंडलिकरावांनी दोन दिवस घेतले. गुलाबच्या सिमेंटच्या खांबाला त्या सुमारास तडा गेला होता आणि रायफलची नळी गळून पडली होती. ती दुरुस्त करणारा गवंडी मिळत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी माणसे पाठवली.

दगड उलटला तेव्हा मातीत दडलेली बाजू जशीच्या तशी निघाली. बाबुलालला आता नीट दिसत नव्हते. तो बोटांनी घोडा चाचपत राहिला. यशोदाबाईने त्याला सांगितले, की तलवार नको. त्याने विचार केला आणि उगारलेल्या पात्याचा वरचा भाग तासून टोक आत वळवले. अर्ध्या दिवसात तलवारीचा विळा झाला.

"घोडा नाही निघत," तो म्हणाला. "तो काढला तं मानूसच जाते. राहू दे. तवा पुरानं नेलं होतं, आता घोड्यावर येईन."

दगड आंब्याखाली न बसवता सलंगाच्या तोंडाशी, पाण्याकडे तोंड करून, पूर्वी जाळ्याची दोरी जिथे बांधली जाई तिथे बसवला. बसवताना मुरारीने खड्डा खणला. ठराव आजही पाळला जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ढिवरवाड्यातली माणसे आपापली जाळी दगडासमोर झटकून घरी नेतात, ही रीत मुरारीनेच घातली.

दोन बाबी राहिल्या. दगडावरचे १९७५ हे साल दुरुस्त करावे आणि 'वीरगती' हा शब्द काढावा, असा ठराव सन १९८८ मध्ये मास्तरांनी लिहून दिला व तो मंजूर झाला. परंतु बाबुलालचे डोळे पुरते गेले, आणि घरोघरचे दळण पिठाच्या चक्कीवर जाऊ लागल्यापासून गावात दुसरा पाथरवट उरलेला नाही. दुसरी बाब मारोतरावांची. त्यांचे नऊ वर्षांचे रामराम मोतीलालकडे आणि मोतीलालचे अडीच वर्षांचे त्यांच्याकडे, असे दोघांचेही बाकी आहेत. शेताची वाट सलंगावरून जाते. तिथे आले की मारोतराव चप्पल हातात घेतात, दगडासमोर क्षणभर थांबतात, आणि हात न जोडता पुढे जातात.